पवन्याची बाजू

"तात्या, माझं गवत कुठाय?"

मी इतक्या जोरात ओरडले, की मंगल कार्यालयाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. स्कूटीचं स्टँड लावायचंही भान राहिलं नव्हतं. ती बिचारी फाटकातच आडवी झाली. काल संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा फाटकापासून दारापर्यंत जाणाऱ्या वाटेच्या डाव्या हाताला कमरेएवढा पवन्या उभा होता. चारशे ठोंब, मी स्वतः लावलेले. दिवाळीनंतर हे गवत पिकतं, तांबूस-सोनेरी होतं, आणि वारा आला की सगळंच्या सगळं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतं. आज सकाळी तिथं चार बोटं उंचीची खुंटं होती. नुकती मुंज झालेल्या पोराच्या डोक्यासारखी स्वच्छ जमीन.

उजव्या हाताला तात्यांचे सहा करंज मात्र जसेच्या तसे. बुडातली आळी अशी खुरपून काढलेली, की तिथं ताट मांडून जेवावं.

तात्या, म्हणजे माझे वडील, इमारतीच्या मागून पाण्याचा पाइप ओढत आले. त्यांनी डावीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा डावीकडं बघितलं. पाइप हातातून सुटला आणि त्यांचा लेंगा गुडघ्यापर्यंत भिजला. तेवढ्यात भिंतीआडून बायडाक्का आली. आमच्या नर्सरीत वीस वर्षं खुरपणीला येणाऱ्या बायकांची ही म्होरकी. कमरेला विळा, कपाळावर घाम, आणि चेहरा असा फुललेला, की जणू तिच्याच पोरीचं लग्न आहे.

"आलीस व्हय ताई? बघ, कसं झाडून काढल्यागत केलंय! तात्या म्हनलं गवत काढा. आमी चौघींनी काढलं. उजाडायला लागलो ते आत्ता हात धुतलं."

"तात्या म्हणाले?"

"मग! त्यांच्याबिगर कोन सांगतंय आमाला?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की विचारू नका. मी तात्यांपुढं जाऊन उभी राहिले.

"असं जिंकायचं होतं तर पैज कशाला लावलीत? सरळ सांगायचं, वृषाली, तुझ्या हातात नर्सरी देत नाही म्हणून! मी मुकाट्यानं गेले असते पुण्याला!"

तात्या वळले, टेंपोत बसले आणि धूळ उडवत निघून गेले. मला वाटलं, चोर सापडला की असाच पळतो.

आता पैजेचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई गवतासाठी बापाच्या अंगावर कशी धावली.

गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. आमची फरांद्यांची नर्सरी कोरेगावच्या अलीकडं, सातारा रस्त्याला. तात्यांनी ती चाळीस वर्षं चालवली. मोठं झाड मुळासकट उचलून दुसरीकडं जगवावं तर त्यांनीच. मुळांचा गड्डा गोणपाटात असा बांधायचे, की आपण गाव बदललंय हे झाडाला वर्षभर कळत नसे. माझा भाऊ संग्राम पुण्यात कॉम्प्युटरवर. त्याला शेवंती आणि झेंडू यांतला फरक विचारायची सोय नाही. मी मात्र उद्यानविद्येची पदवी घेऊन त्या मे महिन्यात घरी आले आणि जेवायला बसल्या बसल्या जाहीर केलं, की नर्सरी मी चालवणार.

तात्यांचे गुडघे तेव्हा गेले होते. रस्त्याकडेची जागा एक जण पेट्रोल पंपासाठी मागत होता आणि तात्या त्याला जवळजवळ हो म्हणून बसले होते.

"शिकलीस ते झकास झालं," ते मला म्हणाले. "पण शिक्षण वेगळं आणि धंदा वेगळा. पुण्याच्या कंपनीचं पत्र आलंय ना तुला? डिसेंबरात जा गुमान. पंख्याखाली बसून कागदावर बागा काढ."

मी महिनाभर भांडले. आई मध्ये पडून थकली. आणि जूनमध्ये माणिकराव बर्गे आले. त्यांनी रस्त्याच्या वरच्या अंगाला नवं मंगल कार्यालय बांधलं होतं आणि पुढच्या अंगणात काय लावावं हे विचारायला ते तात्यांकडं चहाला बसले होते.

"तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला माझ्याच पोरीचं लग्न आहे तिथं," माणिकराव म्हणाले. "फाटकातून आत आल्याबरोबर पाहुण्यांनी तोंडात बोट घातलं पाहिजे."

"करंज," तात्या म्हणाले.

"पवन्या," मी म्हणाले.

माणिकरावांची बशी ओठांशी तशीच राहिली. "म्हणजे गवत? लग्नाच्या कार्यालयात गवत?"

"गवत काढायचं असतं, वृषे, लावायचं नसतं," तात्या म्हणाले. "माणिकराव, करंज बघा. चैतात सगळा मुलूख करपला तरी हा हिरवागार. खाली माणूस बसतं, गाडी उभी राहते. तुमची नातवंडं म्हणतील, आज्यानं लावलं."

"नातवंडं व्हायला अवकाश आहे, तात्या! लग्न नोव्हेंबरात आहे. तोवर तुमचा करंज खाटेएवढी सावली देईल. माझा पवन्या पहिल्याच वर्षी कमरेला लागतो. आपल्याच माळावरचा, पाऊस झाला की पुन्हा पाणी मागत नाही. करंजाला तीन उन्हाळे टँकर लागेल, त्याचं काय?"

"आणि नवरदेवापुढं फटाके लावले म्हणजे? तुझं वाळलेलं गवत आणि शेजारी फटाक्यांची माळ!"

"फटाके तिकडं वळणावर लावायचे."

"अगं, पाहुणे म्हणतील, माणिकरावानं लेकीचं लग्न गायरानात लावलं!"

माणिकराव इतके हसले, की त्यांना ठसका लागला. "असं करा," डोळे पुसत ते म्हणाले, "डावी बाजू पोरीची, उजवी बापाची. लग्नादिवशी मी सांगतो, कुणाची भारी."

तात्यांनी ते अलगद उचललं. माझ्यापुढं हात केला. "ठरलं. माणिकराव पवन्या म्हणाले तर नर्सरी तुझी, पंपवाल्याला मी नाही म्हणून सांगतो. करंज म्हणाले तर तू पुण्याला."

मी त्या हातावर टाळी दिली. आतून आई ओरडली, "लाज नाही वाटत, लेकीशी पैजा लावताय!"

तात्यांनी नर्सरीमागचे दहा वर्षांचे सहा करंज फांद्या छाटून क्रेनने उचलून आणले. मी आमच्या माळावर जाऊन चारशे ठोंब खणले, पावसात भिजत लावले, हाताला फोड येईपर्यंत लावले. भादव्यात त्याला तुरे आले. दिवाळीत त्यानं रंग धरला. एका संध्याकाळी तात्या त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. "बरं दिसतंय," ते म्हणाले, "गवत असून." आमच्या घरात याहून मोठं कौतुक कुणी कुणाचं केलेलं नाही.

आणि आता लग्नाला चार दिवस उरले असताना ही खुंटं!

टेंपो गेल्यावर मी कार्यालयाच्या पायरीवर बसले. बायडाक्का माझ्यासमोर उकिडवी बसली. तिच्यामागं शालन आणि सुलन, दोघी जावा. चौथी मंगल कुठं दिसत नव्हती.

"काय झालं गं? तात्यांवर कशापायी खेकसलीस? तुमचा निम्मा वाटा रचलाय त्या भिंतीकडं, मोजून घे. एक पेंडी इकडची तिकडं न्हाई. आमचा निम्मा मंगल छकड्यातनं घिऊन गेली."

मी भिंतीकडं बघितलं. खरंच, पवन्याच्या पेंढ्यांची सुबक गंजी रचली होती. आमच्याकडं दिवाळी सरली की डोंगरावरचं गवत निम्म्यानं कापतात. कापणारानं निम्मं न्यायचं, मालकाला निम्मं ठेवायचं. त्यासाठी कुणी कुणाला विचारत बसत नाही. पिकलेलं गवत उभं राहिलं तर उलट बायका नावं ठेवतात. या चौघींनी आपल्या समजुतीनं मालकाचं भलंच केलं होतं. त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मला त्यांना रागाचा एक शब्द बोलवेना.

"छान कापलंय, अक्का," मी म्हणाले, आणि रडायलाच लागले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पैज, पवन्या, पुणे, पंप. ऐकता ऐकता तिघींचे चेहरे उतरत गेले.

"लावल्यालं गवत?" सुलन हळूच म्हणाली. "गवत कोन लावतंय व्हय?"

"गप!" बायडाक्कानं तिला दटावलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "आगं बया बया! म्हंजी आमी तुझी नर्सरीच कापली की गं! आन वर निम्मी वाटून बी घेतली!"

रडताना मला हसू फुटलं. काय करणार? ती बोललीच तशी. मग शालन हसली, सुलन हसली, आणि बायडाक्का मात्र "हसताय काय सटव्यांनो" म्हणून त्यांच्यावर ओरडत राहिली.

"पण तात्यांनी का सांगितलं तसं?" मी विचारलं.

"तसं म्हंजी? तात्या म्हनलं, करंजाच्या बुडातलं काढा. डाव्या अंगाला पाय बी ठिवू नका, असं बी म्हनलं. दोनदा म्हनलं. मला वाटलं, म्हातारं मानूस, आमाला कष्ट नकोत म्हनून म्हनतंय. तात्या मागच्या अंगाला पान्याच्या खटपटीत. तासाभरात त्यांचं काम उरकलं. मागं वळून बघतीया तर ह्यो पवन्या! असला पवन्या डोंगरावर घावत न्हाई, ताई. मग हात थांबतोय व्हय?"

दोनदा म्हनलं. आणि मी चारचौघींत त्या माणसाला काय काय बोलले होते! जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या पायरीवर कळलं.

पण रडत बसायला वेळ नव्हता. मी उठून गंजीतली एक पेंढी उचलली. वजनाला हलकी, तुरे शाबूत, रंग तोच.

"अक्का, ही उभी राहील?"

बायडाक्कानं पेंढी माझ्या हातातून घेतली. गवताच्याच चार काड्या वळून तिनं बंध केला, पेंढी बुडापासून वीतभर वर आवळली, खालचा भाग गुडघ्यावर आपटून पसरवला आणि जमिनीवर ठेवली. पेंढी उभी राहिली. तुरे वर मोकळे झाले. मी फुंकर मारली तसे ते हललेसुद्धा.

"उभी ऱ्हाती की. पर वारं आलं की पडंल. आत काठी पायजे."

"आणि लहान लहान केल्या तर? जिथं ज्याचं खुंट, तिथं त्याची पेंढी. चारशे."

"चारशे?" शालननं डोळे मोठे केले.

"तर काय!" बायडाक्का पदर खोचत म्हणाली. "कापताना मोजलं न्हवतं, आता मोजू. सुलन, पळ. मंगलला म्हनावं छकडा माघारी आन. एक काडी ठिवू नकोस म्हनावं."

अर्ध्या तासात मंगल छकडा घेऊन आली. तिला सगळं वाटेतच कळलं होतं. खाली उतरायच्या आधीच ती सांगायला लागली, "ताई, तीन पेंड्या म्हशीनं खाल्ल्या. त्या काय माझ्याच्यानं माघारी येत न्हाईत. पर बाकीचं सगळं हाय."

आम्ही छकडा रिकामा करतोय तोवर टेंपोचा आवाज आला. तात्या खाली उतरले. मागं नजर गेली आणि मी बघतच राहिले. टेंपोभर बांबू आणि चिवाट्या. माणूस पळून गेला नव्हता. तो नर्सरीत काठ्या आणायला गेला होता.

"बघत काय बसलीस? उतरव," ते म्हणाले.

"तात्या, मघाशी मी..."

"मघाचं राहू दे. चारशे खुंट्या तोडायच्या आहेत. कोयता कुठाय?"

"पण तुम्ही का करताय? तुमचीच बाजू जिंकत होती ना?"

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पाच वर्षांची झाले. "समोरचा पैलवान अंघोळीला गेला असताना फड मारला म्हणून फेटा बांधून घेऊ का मी? हरवायचं तर उभं असताना हरवीन. चल, हात चालव."

पुढचे तीन दिवस आम्ही सहा जणांनी काय काम केलं, ते देवालाच माहीत. तात्या गुडघे धरत खाली बसायचे आणि ठोंबाच्या मुळांना धक्का न लावता शेजारी खुंटी ठोकायचे. मी पेंढ्या सोडून लहान करायची. चौघी बंध वळायच्या. बंधाची गाठ आत कशी दडवायची हे बायडाक्कानं मला शिकवलं. चार वर्षांच्या कॉलेजात ते कुणी शिकवलं नव्हतं. कुणाच्या ओळीतली पेंढी तिरकी झाली की बाकीच्या चिडवायच्या, "ही नवरीकडच्यांची दिसतीया, मान ताठ न्हाई." आई दुपारची भाकरी घेऊन यायची आणि आमचा तो बाजार बघून कपाळाला हात लावायची. मला आठवतंय, त्या तीन दिवसांत मी जेवढी हसले तेवढी पुढं माझ्या स्वतःच्या लग्नातही हसले नाही.

शनिवारी ऊन कलताना शेवटची पेंढी बसली. आम्ही सगळे फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. वारा आला आणि चारशेच्या चारशे तुरे एकदम झुकले.

"आता कापलं तर तुमचं हात तोडीन," बायडाक्का आपल्याच बायकांना म्हणाली.

रविवारी लग्न. मुहूर्त साडेबाराचा. माणिकरावांनी फटाके वळणावर लावायला लावले, माझी अट त्यांनी पाळली. नवरदेव घोड्यावर बसून गावच्या मारुतीला नमस्कार करून आला. पुढं बँड, मागं नाचणारी पोरं, करवल्या, सगळा थाट. घोडा फाटकातून आत आला, दोन पावलं चालला आणि डावीकडं वळला.

पहिली पेंढी त्यानं बुडापासून उपटली. खुंटीसकट.

बँडवाल्याला वाटलं, घोडा नाचतोय. त्यानं जोर धरला. घोडा दुसऱ्या पेंढीकडं गेला. घोडेवाला लगाम ओढतोय, नवरदेव एका हातानं मुंडावळ्या आणि दुसऱ्या हातानं खोगीर धरून बसलाय, आणि घोडा शांतपणे डोळे मिटून पवन्या खातोय. सहा महिने त्याला उसाचं वाडं सोडून काही मिळालं नसावं. मंडपाच्या दारातून भटजी ओरडले, "अहो, मुहूर्त टळतोय!" नवरीच्या मैत्रिणी व्हरांड्यातून बघत होत्या; त्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. एक पाहुणा म्हणाला, "नवरदेव, खाली उतरा, नाहीतर घोड्याचंच लग्न लावू!"

माझा जीव कासावीस. तीन दिवसांची मेहनत घोड्याच्या पोटात चाललेली. मी पुढं धावणार तोच बायडाक्का आली. नव्या लुगड्याचा पदर खोचून तिनं एक पेंढी उपटली, घोड्याच्या नाकासमोर धरली आणि पाठमोरी मंडपाकडं चालायला लागली. घोडा तिच्यामागं. नवरदेव घोड्यावर. बँड त्यांच्यामागं. अशी ती वरात दारापर्यंत पोचली. बायडाक्कानं पेंढी घोड्याला दिली आणि मोठ्यानं म्हणाली, "पवन्या हाय त्यो! मानसाला कळंना, पर जनावराला कळतंय!"

मांडवात टाळ्या पडल्या. मी तात्यांकडं बघितलं. ते एका खांबाला टेकून डोळे पुसत होते, आणि त्यांचं पोट गदागदा हलत होतं.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. घोड्यानं खाल्लेलं भगदाड सोडलं तर माझी बाजू अजून देखणी होती. जो तो फोटो काढायला तिथंच. नवरा-नवरी तिथं, आत्या तिथं, मामा-मामी तिथं. फोटोवाला तर तिथून हलेचना. मी मनातल्या मनात नर्सरीच्या पाटीला रंग द्यायला घेतला होता.

मग मी वाटेच्या पलीकडं बघितलं.

ऊन रणरणत होतं. करंजांची सावली खरंच खाटेएवढीच होती. पहिल्या करंजाखाली माणिकरावांच्या आई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती सात-आठ म्हाताऱ्या. पानाचा डबा मध्ये. सूर्य कलला की सावली सरकायची, आणि सावली सरकली की त्या सगळ्या जणी बोलता बोलताच उठायच्या, खुर्ची हातभर सरकवायच्या आणि पुन्हा बसायच्या. कुणी सांगत नव्हतं, कुणी तक्रार करत नव्हतं. दुसऱ्या झाडाखाली एक लेकुरवाळी पदराआड बाळाला पाजत होती. तिसऱ्याखाली बँडवाले उताणे झोपले होते. माझ्या पवन्याकडं येऊन लोक दोन मिनिटं उभे राहत होते, वाहवा म्हणत होते आणि मग पलीकडं सावलीला जात होते.

माणिकराव फेटा काखेत मारून आले. माझ्याशेजारी उभे राहिले. त्यांना बोलायला जड जात होतं.

"बोला काका," मीच म्हणाले. "करंज ना?"

"फोटो सगळे तुझ्याकडं निघाले, पोरी," ते म्हणाले. "पण माझी म्हातारी तिकडं बसली."

बरोबर होतं ते. आज त्या करंजांखाली दोन बसगाड्या उभ्या राहतात. पण त्या दिवशी खाटेएवढी सावली होती, तरी बरोबरच होतं.

मी तात्यांना शोधलं. ते आचाऱ्यांशी गप्पा मारत होते. "तात्या, मी हरले," मी सांगितलं.

"हं," तात्या म्हणाले. "जिलेबी खाल्लीस का?"

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप वाटलं. पण दिवसच असा गेला होता, की मनापासून रडताही येईना. घरी जाताना टेंपोत आईनं घोड्याचा विषय काढला आणि आम्ही तिघंही परत हसत सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर तोंड धूत होते. पुण्याच्या कंपनीला फोन करून कधी रुजू व्हायचं ते विचारणार होते, मनाची तयारी झाली होती. आठ वाजता बायका आल्या. आमच्याकडं रीत अशी, की बायका येतात, खुरपी घेतात, तात्यांच्या बाजेसमोर उभ्या राहतात आणि बायडाक्का विचारते, आज कुठनं हात लावायचा. वीस वर्षं हे असंच.

तात्या बाजेवर बसून चहा फुंकत होते. बायडाक्का त्यांच्यासमोरून सरळ पुढं आली. तिच्यामागं मंगल, शालन, सुलन. चौघी माझ्यासमोर नळापाशी येऊन थांबल्या.

"ताई, आज कुठनं हात लावायचा?"

"अक्का, तात्या तिकडं बसलेत."

"दिसत्यात की. डोळं हायेत मला."

माझ्या तोंडावरून पाणी गळत होतं. मी तात्यांकडं बघितलं. ते बशीत बघत होते.

"तात्या, मी पैज हरलेय."

"हरलीस. चोख हरलीस. माणिकराव बोलले ते खरंच बोलले." त्यांनी चहाचा घोट घेतला. "वीस वर्षांत ह्या बाईला मी पाचदा शिव्या घातल्या, पाचदा ती रुसून घरी बसली, पाचदा मी तिच्या दारात गेलो. तुझं उभं सोनं कापलं तिनं, तर तू छान कापलंय म्हणालीस. ऐकलं मी शालनकडून. आणि तिनं आपला वाटा परत आणून दिला. माझ्यासाठी तिनं काडी परत आणली नसती."

"न्हाईच आनली असती," बायडाक्का म्हणाली.

"पण पंपवाला..."

"पंपवाला काल मांडवातच होता. घोडा खात होता तेव्हाच सांगून टाकलं त्याला, जागा द्यायची नाही म्हणून." तात्यांनी बशी खाली ठेवली. "आता माझ्याकडं काय बघतेस? बायका उभ्या आहेत मघापासून. काम सांग त्यांना."

मी ओल्या हातानं डोळे पुसले आणि काम सांगितलं.